फेला कुठे आहे?

मित्र गेल्याच्या दुःखावर डॉक्टर विश्रांतीचं औषध सांगतो. काही दिवस काम सोडा, गावाकडे जा, हवापालट करा. विक्टर रूबेन ते मुकाट्याने ऐकतो. चाळिशीला टेकलेला, युद्धातून परतलेला, वॉर्सोजवळ एका संस्थेची शेती सांभाळणारा हा एकटा माणूस मामा-मामींच्या गावी येतो. शेजारीच विल्कोचा वाडा. ऐन तारुण्यात तो त्या वाड्यात उन्हाळ्याच्या सुट्टीत शिकवणीला असायचा आणि तिथल्या सहा बहिणींच्या घोळक्यात त्याचे दिवस कसे सरायचे ते त्यालाही कळत नसे. मग मध्ये पंधरा वर्षं गेली. तो तिकडे फिरकला नाही. आता पुन्हा त्या दारात उभा आहे. घरात धांदल उडते, हसणं होतं, जेवणाचा आग्रह होतो. त्या गडबडीत त्याच्या ध्यानात येतं की बहिणी पाचच आहेत. फेला कुठे आहे? फेला गेली. केव्हाच गेली. आणि बोलणं पुढे सरकतं.

आंद्रे वायदाचा ‘मेड्स ऑफ विल्को’ हा १९७९ सालचा चित्रपट. कुणीही सांगेल की तो हातून निसटलेल्या तारुण्याबद्दल आहे, आठवणींबद्दल आहे, जुन्या जागी परत जाण्याबद्दल आहे. ते खरंच आहे. पण मला तो दर वेळी त्या एका क्षणी धरून ठेवतो, जिथे एका मुलीचं मरण सांगितलं जातं आणि बोलणं पुढे सरकतं.

मूळ दीर्घकथा यारोस्वाव्ह इवाश्किएविच यांची, १९३२ साली लिहिलेली. तेव्हा ते ३८ वर्षांचे होते, म्हणजे साधारण विक्टरच्याच वयाचे. त्यांचा जन्म आजच्या युक्रेनमधला. विद्यार्थिदशेत त्यांनी जमीनदार घरांतल्या मुलांच्या शिकवण्या केल्या होत्या. वूच शहराजवळच्या बिशेवी गावातल्या वाड्यात ते असेच सुट्टीत शिकवायला जात. कथेतला वाडा हवेतून आलेला नाही. लेखकाने तिथल्या पायऱ्या चढल्या होत्या, तिथल्या जेवणाच्या टेबलावर बसून मुलींची थट्टा ऐकली होती.

त्या मुली आता बाया झाल्यात. यूल्चा भरल्या अंगाची, संसारात मुरलेली, दोन मुलींची आई. एका रात्री तिच्या आणि विक्टरच्या बाबतीत जे काही घडलं होतं त्याचा उच्चार दोघंही करत नाहीत. पण ती समोर बसून निवांतपणे खात असताना तो तिच्या हातांकडे पाहत राहतो, आणि त्या पाहण्यातच सगळं येऊन जातं. योला वॉर्सोत राहते, नवऱ्याशिवाय इतर पुरुषांतही रमते, सतत हसते. तिच्या हसण्याखाली कंटाळ्याचा जाड थर आहे. झोशा त्याच्याशी कोरडी वागते. धाकटी तून्या, जी त्या दिवसांत अगदी लहान होती, आता फेलाच्या वयाची झाली आहे, तिच्यासारखीच दिसते आणि विक्टरवर जीव लावून बसते.

आणि काझा. नवऱ्यापासून वेगळी झालेली, मुलाला घेऊन माहेरी राहिलेली, घराच्या किल्ल्या आणि कोठीघर सांभाळणारी. आपल्याकडे प्रत्येक मोठ्या घरात अशी एक बाई असते. पंगतीत ती शेवटी बसते आणि घरातलं सगळं तिला माहीत असतं. विक्टरला खरं बोलून दाखवते ती एकटी काझा. तिचंही कधी काळी त्याच्यावर प्रेम होतं. तेव्हा ते त्याच्या लक्षातही आलं नव्हतं. आता येतं, पण आता त्याचं करायचं काय हे दोघांनाही ठाऊक नाही. ही भूमिका वायदाने आपल्या पत्नीला, क्रिस्टिना झाख्वातोविच यांना दिली. त्या मुळात नेपथ्यकार. अभिनय फार न करता त्या पडद्यावर नुसत्या काम करत असतात, आवरत असतात, आणि मला वाटतं सबंध चित्रपटाचा कणा त्या आवरण्यात आहे.

पण मला सांगायचंय ते फेलाबद्दल. विक्टर तून्याला घेऊन तिच्या कबरीवर जातो. कबर झाडाझुडपांत हरवलेली. कुणी येत-जात असल्याची खूण नाही. तून्या तिथे रडत नाही. तिला मोठ्या बहिणीची धड आठवणही नाही. विक्टरलाच काहीतरी होतं. फेलाचं आपल्यावर किती प्रेम होतं हे त्याला आता कुठे उमगू लागलंय. घर जवळच, पाच बहिणींचा वावर त्यात रोजचा, आणि कबरीवर गवत. वायदा इथे कुणालाही दोषी धरत नाही. बहिणी निष्ठुर नाहीत. त्या जेवतात, भांडतात, पत्ते खेळतात, मुलांना झोपवतात. फेलाची जागा त्यांनी मिटवून घेतली आहे, जशी चालत्या घराला मिटवावी लागते. बाहेरून आलेल्या माणसालाच ती जागा रिकामी दिसते, कारण त्याच्या मनात मोजदाद अजून सहाची आहे.

हे मला दाखवून दिलं आमच्या सेक्रेटरीने. त्याला आम्ही सगळे सेक्रेटरीच म्हणायचो, फिल्म सोसायटी बंद पडल्यावरही. कोल्हापूरला आमची सोसायटी होती, शाळेचा हॉल होता आणि आठवडाभर आधी येणारं त्याचं पोस्टकार्ड होतं. चित्रपटाचं नाव, दिग्दर्शक, वेळ, आणि खाली त्याच्या बारीक तिरक्या अक्षरात दोन-तीन ओळींची ओळख. पूर्व युरोपातल्या चित्रपटांच्या प्रिंट त्या काळी सोसायट्यांच्या फेडरेशनकडून आणि वकिलातींकडून फिरत फिरत आमच्यापर्यंत येत. पत्र्याच्या गोल डब्यांतली रिळं स्टेशनवरून रिक्षात घालून आणायची, ती तपासायची, तुटलेल्या जागा चिकटवायच्या, हे सगळं तो करायचा. नोकरी वेगळी होती, जीव इथे होता. ‘मेड्स ऑफ विल्को’च्या पोस्टकार्डावर त्याने लिहिलं होतं की पहिलं रीळ चुकवू नये आणि जी बहीण दिसत नाही तिच्याकडे लक्ष ठेवावं.

त्या रात्री हॉलबाहेरच्या चहाच्या गाडीवर वाद पेटला होता. आम्हा तरुण पोरांना योला आवडली होती, तून्या आवडली होती. सेक्रेटरी म्हणाला, “अरे, तुम्ही बघताय काय? त्या फेलाबद्दल घरात कोण बोलतंय का बघा की. तीच खरी नायिका हाय.” आम्हाला ते अतिच वाटलं होतं. बाविशी-पंचविशीत मरण ही कथेतली एक घटना असते.

सेक्रेटरी गेला. आजार मोठा होता आणि तो लांबला. आमच्या गटातले उरलेले अजून भेटतो, कुणाच्या तरी घरी, महिन्या दोन महिन्यांनी. सिनेमा बघतो, पिठलं-भाकरी होते, राजकारणावर आवाज चढतात. आणि कुणीही त्याचं नाव घेत नाही. ठरवून नव्हे. कोपऱ्यातली जी खुर्ची तो धरायचा तिच्यावर आता कुणीतरी बसतं, बोलणं चालू राहतं. एकदा असंच बसलो असताना मला विल्कोचं जेवणाचं टेबल आठवलं आणि घास घशाखाली उतरेना.

वायदाला हे कुठून कळलं असेल, असा विचार मी पुष्कळ केलाय. त्याआधीच्या दोन-तीन वर्षांत त्याने ‘मॅन ऑफ मार्बल’सारखा सत्तेला झोंबणारा चित्रपट केला होता, लोकांना त्याच्याकडून कारखाने, संप, खोटी पोस्टरं यांची अपेक्षा होती. आणि हा माणूस उन्हात बसलेल्या जमीनदारांच्या लेकींकडे वळला. पण वायदाच्या स्वतःच्या घरात एक माणूस होता ज्याच्याबद्दल मोठ्याने बोलता येत नव्हतं. वडील, याकुब वायदा, पोलिश सैन्यात कॅप्टन. १९४० साली सोव्हिएत गुप्त पोलिसांनी सुमारे २२,००० पोलिश बंदिवानांना गोळ्या घातल्या, त्यांत ते होते. ते कातिनचं हत्याकांड. १९४३ मध्ये मृतांची यादी जाहीर झाली तेव्हा तिच्यात वायदा हे आडनाव होतं, पण पहिलं नाव वेगळं पडलं होतं. त्या एका चुकीवर आई आशा धरून बसली. १९५० मध्ये ती गेली, तोवर वाट पाहणं संपलं नव्हतं. पुढची चार दशकं पोलंडमध्ये खरा मारेकरी कोण ते जाहीरपणे म्हणायला बंदी होती. मॉस्कोने गुन्हा कबूल केला १९९० मध्ये, आणि वायदाला त्यावर चित्रपट करता आला २००७ मध्ये, वयाच्या ८१ व्या वर्षी. म्हणजे ‘विल्को’ करताना तो अशा देशात राहत होता जिथे लाखो घरांत जेवणाच्या टेबलावर कुणीतरी एक वगळलेलं होतं. तिथे न बोलणं घराघरांतून सक्तीचं होतं. विल्कोत सक्ती कुणाचीच नाही, तरीही तेच घडतं. हे मला अधिक जिव्हारी लागतं.

शिवाय १९७९ चा पोलिश प्रेक्षक त्या वाड्याकडे पाहताना त्याचं भविष्यही पाहत होता. कथेतल्या बहिणींना ठाऊक नाही की दहा-बारा वर्षांत दुसरं महायुद्ध येणार आहे, आणि १९४४ च्या जमीन सुधारणेनंतर असे सारे वाडे मालकांच्या हातून जाणार आहेत. विक्टर आपल्या भूतकाळाचा शोक करतो. प्रेक्षक त्याच्या वर्तमानाचाही शोक करत असतो. चित्रपटात वाजणारं व्हायोलिन तर आधीच जळालेल्या घरातून आलेलं. ते संगीत कारोल शिमानोव्हस्की यांचं. इवाश्किएविच त्यांचे नात्याने भाऊ लागत. ‘किंग रॉजर’ या ऑपेराची संहिता दोघांनी मिळून उभी केली. चित्रपटात ऐकू येणारा पहिला व्हायोलिन कॉन्चेर्तो १९१६ चा. शिमानोव्हस्की घराण्याचा तिमोशूव्हकाचा वाडा पुढल्याच वर्षीच्या क्रांतीत उद्ध्वस्त झाला. त्या रचनेत व्हायोलिन इतक्या उंच स्वरावर जाऊन थरथरतं की वाटतं, आता तुटणार. ते तुटत नाही; खाली वाद्यवृंद हळूहळू भरत येतो. सेक्रेटरीकडे या कॉन्चेर्तोची एक कॅसेट होती. पुढे टेप ताणली गेली, सूर लहरायला लागले, तरी तो तीच लावायचा.

पोलंडचं आणि कोल्हापूरचं नातं त्याला फार मोलाचं वाटे, आणि ते सिनेमापुरतं नव्हतं. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलिश निर्वासितांची छावणी होती. सुमारे पाच हजार माणसं, त्यांत बहुतेक बायका आणि मुलं. पूर्व पोलंडमधून, म्हणजे जवळपास इवाश्किएविच-शिमानोव्हस्कींच्या मुलखाकडून, सोव्हिएत सत्तेने १९४०-४१ मध्ये उचलून सायबेरियाकडे हाकललेले हे लोक इराणमार्गे पंचगंगेच्या काठी येऊन राहिले. शाळा होत्या, चर्च होतं, स्काउट होते, नाटकं होत होती. युद्ध संपलं तरी त्यांची गावं पोलंडमध्ये राहिली नव्हती, परतायचं कुठे? पुष्कळ जण इंग्लंडला, ऑस्ट्रेलियाला, कॅनडाला गेले. छावणीच्या जागी फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि गांधीनगर वसलं. आज तिथे कापडाची मोठी बाजारपेठ आहे.

आणि मग त्या छावणीत वाढलेली पोरं म्हातारपणी परत येऊ लागली. महावीर उद्यानात त्यांचं स्मारक उभं राहिलं. सेक्रेटरीच्या वडिलांना त्या पोरांची आठवण होती, ती गोरी पोरं मराठी शब्द कशी बोलायची ते ते हसत सांगायचे. त्यामुळे असं कुणी आलं की हा हातातलं काम टाकून त्यांच्यामागे जायचा. एकदा मीही गेलो होतो. एक वृद्ध बाई गांधीनगरच्या गल्लीत कापडाच्या ठाणांमधून चालत होत्या, आणि भिंतींकडे न बघता पायांखालच्या जमिनीकडे बघत होत्या. कुठल्या वळणावर पाण्याचा नळ होता ते त्या शोधत होत्या. त्यांना बराकी नको होत्या, स्मारक नको होतं. शेवटी त्या ख्रिस्ती दफनभूमीत गेल्या. तिथे पोलिश माणसांच्या कबरी आहेत, छावणीत मेलेल्यांच्या. परत आलेला प्रत्येक माणूस आधी तिकडे का जातो, असं मी सेक्रेटरीला विचारलं. तो म्हणाला, “जिवंत होते ते सगळे पांगले की. जागेवर हेच राहिले.”

आता मी पुन्हा ‘विल्को’ बघतो तेव्हा त्यात फेला एकटी नसते. स्वतः इवाश्किएविच चित्रपटात क्षणभर दिसतात, रेल्वेने चाललेला पंच्याऐंशीच्या घरातला वृद्ध. ज्या तरुणपणावर त्यांनी कथा लिहिली त्याच्याच चित्रीकरणात ते एक प्रवासी होऊन बसलेत. १९८० च्या मार्चमध्ये ते गेले. त्याच वसंतात हा चित्रपट ऑस्करच्या परभाषी विभागात होता. बक्षीस ‘द टिन ड्रम’ला मिळालं, आणि गंमत अशी की विक्टर झालेला दानिएल ओल्ब्रिख्स्की त्याही चित्रपटात आहे.

तून्या झालेली क्रिस्तीन पास्काल फ्रेंच होती. पडद्यावर ती मूर्तिमंत तारुण्य. घरात ती आली की पडद्यांमधून येणारा उजेडही तिच्याकडे वळल्यासारखा वाटतो. पुढे तिने स्वतः चित्रपट दिग्दर्शित केले. १९९२ चा तिचा एक चित्रपट असाध्य आजार झालेल्या लहान मुलीबद्दल आणि तिच्या वडिलांबद्दल आहे. त्याला फ्रान्समधला मानाचा लुई देल्युक पुरस्कार मिळाला. १९९६ मध्ये, ४२ व्या वर्षी, तिने आपलं आयुष्य स्वतःच संपवलं. पाच बहिणींतली ही सर्वांत धाकटी. कबरीशी तून्या उभी असते ते दृश्य आता मला सरळ नजरेने बघवत नाही.

आणि तो उजेड ज्याने पकडला तो छायाचित्रकार, एडवर्ड क्वोशिन्स्की. दुपारच्या जेवणानंतर घर सुस्तावतं, तेव्हाचा पिवळट, किंचित धुळकट उजेड त्याने या चित्रपटात असा धरलाय की आपल्या अंगावर ऊन आल्यासारखं वाटतं. तो २००८ च्या जानेवारीत कर्करोगाने गेला. त्याची पत्नी, थोर अभिनेत्री क्रिस्टिना यांदा, तेव्हा वायदाच्या पुढच्या चित्रपटात काम करणार होती. तो ‘स्वीट रश’, पुन्हा इवाश्किएविच यांच्याच कथेवरचा. वायदाने काय करावं? कथेच्या मधे त्याने यांदाला एका हॉटेलच्या खोलीत उभं केलं आणि नवऱ्याच्या शेवटच्या दिवसांबद्दल तिने स्वतः लिहिलेलं तिला बोलू दिलं. कॅमेरा हलत नाही. ती कधी पाठमोरी, कधी पलंगावर बसलेली. डॉक्टर काय म्हणाले, घरी काय झालं, ती सांगत राहते. नंतर कथेतल्या एका तरुणाच्या बुडण्याचं दृश्य चित्रित होताना ती ओल्या कपड्यांनिशी चित्रीकरण सोडून पळत सुटते, पुलावरून, गाड्यांच्या वर्दळीतून. तेही वायदाने चित्रपटात ठेवलं.

त्याच्या तीस वर्षं आधी ज्या दिग्दर्शकाने पाच बहिणींना फेलाबद्दल गप्प बसवलं होतं, त्यानेच हे केलं. हा मला त्याच्या सबंध कामातला सर्वांत धाडसी निर्णय वाटतो, कातिनवरच्या चित्रपटाहूनही. तिथे देशाचा इतिहास त्याच्या पाठीशी होता. इथे एक बाई आणि तिचा गेलेला नवरा, एवढंच. त्याने कथा थांबवली आणि त्या माणसाबद्दल बोलायला जागा करून दिली.

गेल्या बैठकीत मी आग्रह धरून ‘विल्को’च लावला. टीव्हीवर, अर्थात, रिळं आता कुठली. फेलाबद्दलचा तो प्रश्न आला, उत्तर आलं, बोलणं पुढे सरकलं, आणि मी रिमोट उचलून चित्र थांबवलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, सेक्रेटरी इथेच काहीतरी बोलायचा, आठवतंय का कुणाला? क्षणभर कुणी बोललं नाही. मग एकाने पोस्टकार्डाचा विषय काढला. दुसरा म्हणाला, त्यावर तसं काही लिहिलंच नव्हतं, तो ते तोंडीच बोलला होता. तिसऱ्याचं म्हणणं, त्याला वायदापेक्षा झानुसी जास्त आवडायचा. यावर जो दंगा झाला तो काही केल्या शमेना. प्रोजेक्टरचा दिवा ऐन वेळी गेला तेव्हा त्याने काय केलं होतं, मिरज स्टेशनवर रिळांचा डबा कसा राहिला होता, तो चिडला की चष्मा कसा पुसायचा. विक्टर टीव्हीवर तसाच उभा होता. शेवटी पोस्टकार्डाचा निकाल लावायला कुणीतरी सेक्रेटरीच्या घरी वहिनींना फोन लावला, रात्रीचे किती वाजलेत ते न बघता. वहिनी जाग्याच होत्या. म्हणाल्या, सगळी कार्डं आहेत, त्यांच्या ट्रंकेत आहेत, मी उघडलेली नाही. मग जरा थांबून म्हणाल्या, “रविवारी या सगळे. जेवायलाच या. आणि त्यांचं काय काय आठवतंय ते सगळं सांगायचं, एवढ्या दिवसांत एकानेही सांगितलेलं नाही.”